सरडगुहिऱ्याला महाबळेश्वर मानवत नाही

मा. उपवनसंरक्षक,
सातारा वनविभाग, सातारा यांना खुले पत्र



मी महाबळेश्वरात राहतो. एखादा रानातला जीव घरात शिरला, टाकीत पडला, गाडीखाली सापडला की लोक ज्यांना फोन करतात, त्या मंडळींत माझी बरीच वर्षं ऊठबस आहे. हे पत्र टपालानं आपल्या कचेरीत पाठवता आलं असतं. पण यातल्या काही गोष्टी आपल्या खात्यासाठी आहेत, काही इथं येणाऱ्या पर्यटकांसाठी आणि काही आमच्याच बंगलेवाल्या, हॉटेलवाल्या शेजाऱ्यांसाठी. म्हणून ते उघड लिहितो आहे.

म्हणणं थोडक्यात असं: रस्त्यावरून उचललेला, कुणाकडून जप्त केलेला किंवा पाळून कंटाळा आलेला सरडगुहिरा, म्हणजे कॅमेलियन, महाबळेश्वर-पाचगणीच्या जंगलात कुणीही सोडू नये. देशी सोडू नये, परदेशी तर मुळीच सोडू नये. देशी सोडला तर तो इथं मरतो. परदेशी सोडला तर तो कदाचित मरणार नाही, आणि ते अधिक वाईट आहे.

आधी देशीबद्दल. आपल्याकडे खरा सरडगुहिरा एकाच जातीचा, कॅमेलिओ झेलॅनिकस. भारत, श्रीलंका आणि पाकिस्तानचा थोडा भाग एवढाच त्याचा मुलूख. तो कोरड्या रानाचा रहिवासी आहे. सातारा-सांगलीत त्याला शोधायचं तर माण, खटाव, आटपाडी, जतकडे जावं लागतं. बाभळी, बोरी, घाणेरीची जाळी, बांधावरचं निवडुंग ही त्याची घरं. फांदी धरायला त्याच्या पावलांचे चिमटे झालेले आहेत: पुढच्या पावलात तीन बोटं आतून आणि दोन बाहेरून, मागच्यात बरोबर उलट. शेपटी हे पाचवं पाऊल. दोन डोळे दोन दिशांना फिरतात आणि भक्ष्य सापडलं की एकाच ठिकाणी येऊन अंतर मोजतात. मग शरीराहून लांब जीभ सुटते. जमिनीवर मात्र त्याची चाल इतकी सावकाश की रस्ता ओलांडताना तो हमखास सापडतो, माणसाच्या हाताला नाहीतर टायरला. गावोगाव त्याला अजून विषारी समजून दगडानं मारतात. त्याच्या अंगात विषाचा थेंबही नाही. पकडलं तर तो फुगतो, फुसफुसतो, तोंड वासून चावायला येतो. त्याच्याजवळची शस्त्रं एवढीच.

महाबळेश्वरात पर्यटक ज्याच्याकडे बोट दाखवून ‘कॅमेलियन, कॅमेलियन’ म्हणतात, तो जवळजवळ नेहमी साधा बागसरडा असतो, नाहीतर रूक्सचा रानसरडा. हा दुसरा पश्चिम घाटाच्या झाडीतला, अंगानं बारीक. विणीच्या दिवसांत नराचं अंग काळं पडतं आणि डोकं तांबडं होतं, त्यामुळे तो कॅमेलियन वाटणं स्वाभाविक आहे. दोघांचीही बोटं सुटी, लांब आणि सडपातळ असतात, डोळे शंकूसारखे बाहेर आलेले नसतात आणि जवळ गेलं की ते सुसाट पळतात. सरडगुहिरा पळत नाही. तो फांदीभोवती हळूच फिरून तिला आपल्या आणि तुमच्या मध्ये घेतो. ही ओळख वरवरची वाटेल, पण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. ‘इथं तर हे सगळीकडे असतात’ असा समज झाला की खालून आणलेला सरडगुहिरा इथं सोडायला मन कचरत नाही.

आता हवेचा हिशेब पाहा. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. माण तालुक्यात पाचशेच्या आसपास पडला की लोक वर्ष बरं गेलं म्हणतात. जुलै २०२१ मध्ये इथं एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. माणला बहुतेक वर्षी एवढा बारा महिन्यांत मिळून पडत नाही. जून ते सप्टेंबर आमच्याकडे आठवडेच्या आठवडे सूर्य दिसत नाही. घरांच्या भिंतींनासुद्धा आम्ही पावसाआधी आडोसे बांधतो. हिवाळ्यात वेण्णा तलावाच्या काठावर पहाटे दवाचे हिमकण होतात, त्याचे फोटो दर वर्षी वर्तमानपत्रांत येतात. सरडगुहिऱ्याच्या शरीरात स्वतःची ऊब नसते. पोटात गेलेला नाकतोडा पचवायलाही त्याला ऊन लागतं. ऊन नाही म्हणजे पचन नाही, पचन नाही म्हणजे ताकद नाही. अंगात पाणी आणि गारठा मुरला की फुप्फुसं बिघडतात. तो तडकाफडकी मरत नाही. अंग काळं करून कुठल्यातरी जांभळीच्या फांदीवर दिवसेंदिवस बसून राहतो, म्हणून सोडणाऱ्याला वाटतं, रुळला.

गेल्या पावसाळ्यात एक कुटुंब मिठाईचा खोका घेऊन आमच्याकडे आलं. फलटणच्या पुढं रस्त्याच्या कडेला सरडगुहिरा दिसला, गाडीखाली येईल म्हणून उचलला, पोरांनी खोक्यात दोन पानं टाकली आणि सगळे वर आले. ‘इथं झाडी चांगली आहे, इथंच सोडून देतो,’ असं वडील म्हणाले. झाकण उघडलं तर आत तो शेवाळी-काळपट, चपटा होऊन कोपऱ्यात रेललेला. शेपटीनं खोक्याचा दोरा धरून ठेवला होता. डोळ्यांचे शंकू आत गेले होते, म्हणजे अंगातलं पाणी आटलेलं. बाहेर धुकं इतकं की समोरचा दिवा दिसत नव्हता. पानावरून थेंब थेंब पाणी टाकलं तेव्हा पहिल्यांदा काहीच झालं नाही. बऱ्याच वेळानं जिभेचं टोक बाहेर आलं आणि तो एकेक थेंब गिळू लागला. त्या माणसाच्या मनात दयेखेरीज काही नव्हतं हे मी शपथेवर सांगेन. वनरक्षकांना कळवलं, आणि तो ज्या रस्त्यावरून आला होता त्याच रस्त्याच्या बाजूला, बाभळीत परत गेला. दर वेळी असं होत नाही. बहुतेक खोके आमच्यापर्यंत येतच नाहीत.

कायद्याचं बोलायचं तर आपल्याला मी काय सांगणार? वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये भारतीय सरडगुहिरा संरक्षित आहे, आणि त्या कायद्यात ‘शिकार’ या शब्दात पकडणंही येतं. पण पर्यटकांसाठी हे स्पष्ट लिहायला हवं. देशी सरडगुहिरा घरात ठेवणं हा गुन्हा आहे. पिंजरा कितीही मोठा असो, खाऊ कितीही चांगला असो, हेतू कितीही निर्मळ असो. त्याला ‘पाळण्याची’ परवानगी काढता येत नाही. जखमी सापडला तर हवेशीर कापडी पिशवीत आडवी काटकी घालून त्याला सावलीत ठेवायचं, १९२६ वर फोन करायचा आणि तो नेमका कुठं सापडला ते गावाच्या नावासकट सांगायचं. त्याच्या परतीचा पत्ता तोच असतो.

परदेशी सरडगुहिऱ्यांची गोष्ट निराळी आणि अवघड. येमेन आणि सौदी अरेबियाचा तुरेवाला, मादागास्करचा पँथर, पूर्व आफ्रिकेच्या डोंगरांतला तीन शिंगांचा जॅक्सन हे जगभर घरात ठेवले जातात. हौस आता पुण्या-मुंबईपर्यंत आली आहे आणि पुण्या-मुंबईची हौस शनिवार-रविवारी गाडीत बसून आमच्याकडे येते. हे प्राणी साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे परवान्याशिवाय त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार करता येत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनं आपल्या कायद्यात या करारातल्या जातींसाठी वेगळं प्रकरण आलं आणि २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले. असा प्राणी ज्याच्याकडे आहे त्यानं परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करायची. हस्तांतर, पिल्लं, मृत्यू सगळं कळवायचं. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या सामानात सरपटणारे प्राणी सापडल्याच्या बातम्या मुंबई-चेन्नईच्या विमानतळांवरून सतत येत असतात. ज्याच्याकडे कागद नाही तो माणूस घाबरतो, आणि घाबरलेला माणूस रात्री घाटात गाडी थांबवून खोका उघडतो. हा धोका मला सगळ्यात मोठा वाटतो.

पाळणाऱ्याला कंटाळा येण्याचं कारणही सांगतो, कारण ते पिंजऱ्यात आहे. हे जनावर विकताना लोक त्याच्या रंगाबद्दल बोलतात, पिंजऱ्याबद्दल बोलत नाहीत. घरी आल्यावर कळतं की हा प्राणी म्हणजे एक छोटं जंगल रोज चालवायचं काम आहे. आपल्या कर्मचाऱ्यांच्या हाती जप्त केलेला सरडगुहिरा येतो त्या क्षणी हेच काम आपल्यावर येतं, म्हणून जरा तपशिलात जातो.

काचेची माशांची टाकी त्याला चालत नाही. काचेत हवा कोंडते आणि त्यात त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसतं. हा एकट्यानं राहणारा प्राणी आहे. समोर दुसरा सरडगुहिरा दिसला की तो दिवसभर लढाईच्या पवित्र्यात राहतो आणि त्यातच झिजतो. दोघांना एका पिंजऱ्यात ठेवू नये, दोन पिंजरे समोरासमोरही ठेवू नयेत. पिंजरा जाळीचा हवा, आणि लांबीपेक्षा उंची जास्त: दोन बाय दोन फूट बूड आणि चार फूट उंची ही मोठ्या प्राण्याला किमान. चौकट अॅल्युमिनियमची. लाकडी चौकट आमच्या हवेत एका पावसाळ्यात बुरशीनं काळी पडते. जाळी प्लास्टिकचं आवरण असलेली घ्यावी, उघड्या तारेत नखं अडकून उपटतात. पिंजरा कमरेपेक्षा उंच ठेवायचा, कारण वरून आलेला हात त्याला शिकारी पक्ष्यासारखा वाटतो. आत फांद्या वेगवेगळ्या जाडीच्या, आडव्या आणि तिरक्या, पावलाचा चिमटा बसेल अशा. आणि जिवंत झाड, फायकसचं किंवा जास्वंदीचं. झाड विकत घेतलेलं असेल तर पानं आधी नीट धुवायची, नर्सरीत फवारलेलं औषध पानावर राहतं.

पाणी हा सगळ्यात चुकणारा भाग. सरडगुहिरा वाटीतलं पाणी पीत नाही, त्याला साचलेलं पाणी पाणी म्हणून ओळखू येत नाही. तो पानावरचा हलणारा, चमकणारा थेंब चाटतो. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ फवारा आणि मधल्या वेळात ठिबक. महाबळेश्वरात याची तयारी घरोघर पडलेली आहे. आमच्या स्ट्रॉबेरीवाल्यांकडची पाच लिटरची बादली वर टांगायची, तिला ठिबकची नळी आणि एकच ड्रिपर जोडायचा, थेंब वरच्या पानावर पडेल असा. दोन सेकंदांना एक थेंब पुरतो. पण खाली पडणारं पाणी बाहेर गेलंच पाहिजे. बुडाला भोकं, भोकांखाली पसरट परात, परात रोज रिकामी. आणि फवाऱ्यानंतर पिंजरा पूर्ण सुकला पाहिजे. कोरड्या शहरात लोक ओलावा वाढवायला धडपडतात. आमच्याकडे जुलैत तो कमी कसा करायचा हा प्रश्न असतो. त्या दिवसांत फवारा एकदाच, पंखा मंद, आणि फांद्या आठवड्याला बाहेर काढून उकळत्या पाण्यानं धुतलेल्या. नाहीतर आधी फांदीवर बुरशी येते, मग पावलांना फोड येतात, मग तोंड उघडं ठेवून श्वास घेणं सुरू होतं, आणि तिथून परत फिरवणं फार कठीण असतं.

दिवा दोन प्रकारचा लागतो. एक उबेचा, पिंजऱ्याच्या वरच्या एका कोपऱ्यात, म्हणजे तुरेवाल्याला तिथं तिशीच्या थोडं वर तापमान मिळेल आणि खाली उतरलं की गारवा. दुसरा अतिनील किरणांचा. सरडगुहिरा उन्हातल्या अतिनील किरणांतून ड जीवनसत्त्व बनवतो. ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम हाडात जात नाही. मग पायाची हाडं वाकतात, जबडा मऊ पडतो, जीभ सुटते पण परत नीट आत जात नाही. खिडकीतून आलेलं ऊन याला उपयोगी नाही, काच हे किरण अडवते. आणि या दिव्याचा उजेड दिसत राहिला तरी त्यातले किरण महिन्यांनी उतरतात. सहा महिने ते वर्षभरात तो बदलावाच लागतो. महाबळेश्वरात पावसाळ्यात वीज जाते तेव्हा दोन-दोन दिवस येत नाही. इन्व्हर्टर नसलेल्या बंगल्यात हे जनावर ठेवणं म्हणजे त्याला चार महिने अंधारात ठेवणं.

खाणं म्हणजे रातकिडे, नाकतोडे, झुरळं. तेही नुसते टाकून भागत नाही. किड्यांनाच आधी एक दिवस पालेभाजी, गाजर खायला घालायचं आणि मग कॅल्शियमच्या भुकटीत घोळवून द्यायचं. स्ट्रॉबेरीच्या शेतातले किडे कधीही देऊ नयेत, तिथं फवारणी झालेली असते. न खाल्लेले रातकिडे रात्री पिंजऱ्यात ठेवले तर ते झोपलेल्या सरडगुहिऱ्याला कुरतडतात. मादी असेल तर आणखी एक जबाबदारी: तुरेवाल्याची मादी नराशिवायही अंडी धरते, आणि खोल, ओलसर माती-वाळू उकरायला मिळाली नाही तर ती अंडी पोटातच अडकून ती मरते. तिच्या पिंजऱ्यात हातभर खोल कुंडी हवीच.

तब्येत कशी ओळखायची, हे जो सांभाळतो त्याला रोजच्या विष्ठेवरून कळतं. तिच्यासोबत पडणारा पांढरा भाग पांढराच असेल तर पाणी पुरेसं आहे. तो पिवळा-नारिंगी झाला की पाणी कमी पडतं आहे. दिवसा डोळे मिटून बसलेला सरडगुहिरा आजारी असतो. निरोगी प्राणी दिवसा डोळे मिटत नाही. रंगाबद्दल मात्र गैरसमज दूर करायला हवा. तो पार्श्वभूमी बघून रंग घेत नाही. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये पँथर सरडगुहिऱ्यावर दाखवलं की त्याच्या त्वचेत ग्वानिनच्या अतिसूक्ष्म स्फटिकांची जाळी असते, आणि तो त्या स्फटिकांमधलं अंतर बदलतो. त्यावरून परत येणाऱ्या उजेडाचा रंग ठरतो. राग, भीती, मीलन आणि ऊब यांची ही भाषा आहे. काळपट अंग म्हणजे थंडी किंवा ताण. पाहुण्यांना दाखवायला त्याला लाल कपड्यावर, हिरव्या कपड्यावर ठेवणारे लोक जो रंगबदल बघून खूश होतात, तो बहुतेक वेळा भीतीचा असतो.

एवढं सगळं रोज, पाच-सात वर्षं. या हौसेत मुळात चूक काढण्यासारखं काही नाही. ज्यांना हे झेपतं, ज्यांच्याकडे कागद आहेत, ते सांभाळोत. पण ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी आज आपल्या जिल्ह्यात ‘हा प्राणी घ्या’ असं सांगायला निश्चिंत मनानं जाता येईल अशी जागा हवी. ती नसेल तर घाटातलं वळण आहेच.

आणि वळणावर सोडलेला परदेशी सरडगुहिरा मरेलच असं समजू नका. हवाई बेटांवर १९७२ मध्ये एका दुकानदारानं केनियातून जॅक्सन सरडगुहिरे आणवले, प्रवासानं मलूल झालेले जीव सावरावेत म्हणून आपल्या अंगणात मोकळे सोडले, आणि तिथून ते बेटांवर पसरले. हा सरडगुहिरा केनिया पर्वताच्या आसपासच्या थंड, ओल्या, उंच झाडीतला. त्याला उन्हानं तापलेली माती लागत नाही, कारण मादी अंडी घालतच नाही, जिवंत पिल्लं देते. हवाईत तो तिथल्या दुर्मीळ गोगलगायी खाताना सापडला आहे, ज्या जगात दुसरीकडे कुठं नाहीत. तुरेवाला याच प्रकारे फ्लोरिडात आणि हवाईतल्या माउई बेटावर रुजला. आता थंड, ओली, उंच झाडी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कुठलं ठिकाण येतं? जो गारठा माणच्या सरडगुहिऱ्याला मारतो, तोच जॅक्सनला घरचा वाटेल. देशी सोडला तर एक जीव जातो, परदेशी सोडला तर इथल्या किती जिवांवर येईल याचा अंदाजही आधी बांधता येत नाही.

कारण या डोंगरावर काय काय आहे ते अजून मोजून संपलेलं नाही. साताऱ्याचं नाव लावणारी पाल, हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस, शास्त्राला २००८ मध्ये कळली. चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या खाली, गळ्याचा निळा-केशरी पंखा उघडून मिरवणारा सरडा लोक पिढ्यान् पिढ्या बघत होते. तो ‘सराडा सुपर्बा’ म्हणून नोंदला गेला २०१६ मध्ये, आणि त्या वंशाला नावही आपल्या बोलीतल्या सरड्यावरूनच मिळालं. त्याच पठारावर मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी केलेलं संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. पवनचक्क्यांमुळे शिकारी पक्षी कमी झाले, तर खाली सरडे वाढले. पण ते अंगानं बारीक झाले आणि त्यांची सावधगिरीही बदलली. एक कडी हलली की खालच्या कड्या अशा हलतात. तिथं एक शिकारी कमी झाला होता. इथं झाडीत एका नव्या, लांब जिभेच्या शिकाऱ्याची भर पडेल. महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे. बांधकामाच्या बाबतीत आपण सगळे त्याचं नाव घेतो, सोडलेल्या प्राण्यांच्या बाबतीत कुणीच घेत नाही.

म्हणून विनंत्या करतो. त्यात पैशाचं काम फार नाही.

पकडलेल्या किंवा जप्त झालेल्या प्रत्येक सरडगुहिऱ्याच्या पंचनाम्यात सापडल्याचं गाव लिहिलं जावं, आणि देशी असेल तर त्याची सुटका त्याच गावच्या रानात व्हावी. शेजारच्या तालुक्यात चालेल, पण घाट चढून वर नको. उपचाराला दोन दिवस ठेवायचा झाला तर ती सोय वर करू नये. वाईत किंवा दहिवडीत करावी, जिथं ऊन आहे. वर सांगितला तसा जाळीचा एक पिंजरा, एक ठिबक, दोन दिवे, एवढ्यावर भागतं. त्या ठिकाणच्या एका कर्मचाऱ्याला कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणारे प्राणी सांभाळणाऱ्यांकडे काही दिवस पाठवता आलं तर उत्तमच.

परदेशी प्राण्यांसाठी जिल्ह्यात एक जागा जाहीर करावी, जिथं कागद असोत वा नसोत, माणूस प्राणी आणून देऊ शकेल. आणून देणाऱ्यावर काय कारवाई होईल, होणार नाही, ते कायद्यात बसेल तेवढं आधीच साध्या मराठीत छापून लावावं. माणसाला नेमकं माहीत असलं की तो घाबरत नाही आणि घाटात थांबत नाही.

आणि एक काम इथंच, आमच्या दारात. मेच्या अखेरीस मुलांच्या सुट्ट्या संपता संपता गर्दी सगळ्यात जास्त असते. त्याआधी पर्यटक कराच्या नाक्यांवर, वेण्णा तलावाच्या बोट क्लबजवळ आणि हॉटेलांच्या स्वागत कक्षात एक फलक लागावा. त्यावर सरडगुहिरा, बागसरडा आणि रूक्सचा सरडा यांची तीन चित्रं, शेजारी १९२६ हा क्रमांक आणि खाली एक ओळ: ‘खालून आणलेला कोणताही प्राणी वर सोडू नका.’ हॉटेलवाल्यांच्या आणि बंगलेवाल्यांच्या बैठकीत हे बोलायची जबाबदारी मी आणि माझी मंडळी घेतो. चित्रं काढून द्यायलाही इथं लोक तयार आहेत. फलकावर आपल्या खात्याचं नाव मात्र हवं, त्याशिवाय लोक ते मानणार नाहीत.

खाली, माण-खटावकडे, बांधावरची निवडुंगाची आणि बाभळीची कुंपणं जाऊन तारेची कुंपणं येत आहेत. सरडगुहिऱ्याचं खरं घर तिथं मोडतं आहे, आणि त्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवं. पण जो जीव आज खोक्यात बसून घाट चढतो आहे, त्याचा निर्णय आपल्या एका परिपत्रकानं होऊ शकतो. ते येत्या पावसाळ्याआधी काढावं, ही आग्रहाची विनंती.

आपला,
महाबळेश्वरचा एक रहिवासी